एका ओळीतले अणू: पवई आणि तुर्भ्यातल्या स्पिन-साखळ्यांची कथा

4 ऑगस्ट 1956 रोजी दुपारी तुर्भ्याच्या खाडीकाठी ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली. वर्तमानपत्रांनी मथळे दिले ते अणुऊर्जेचे. पाण्याच्या हौदात बुडवलेली, जेमतेम एक मेगावॉट क्षमतेची ती भट्टी वीज मात्र कधीच करणार नव्हती. तिच्यातून मिळणार होते न्यूट्रॉन, आणि ज्यांना या न्यूट्रॉनांचं खरं मोल कळलं होतं त्यांच्यात पद्मनाभ कृष्णगोपाल अय्यंगार नावाचे पंचविशीतले भौतिकशास्त्रज्ञ होते. पुढे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष म्हणून देशाला ठाऊक झालेले अय्यंगार त्या सुमारास कॅनडातल्या चॉक रिव्हर इथे बर्ट्राम ब्रॉकहाउस यांच्या हाताखाली शिकत होते. दोघांनी मिळून जर्मेनियमच्या स्फटिकातली अणूंची कंपनं न्यूट्रॉनांच्या मदतीने मोजली आणि 1958 मध्ये तो निबंध प्रसिद्ध केला. ब्रॉकहाउस यांना नोबेल मिळालं ते बऱ्याच उशिरा, 1994 मध्ये. अय्यंगार मात्र ती विद्या घेऊन केव्हाच तुर्भ्याला परतले होते.

मुंबईच्या उपनगरांचा इतिहास लिहिताना आपण गिरण्या, चाळी, लोकल आणि इमारतींच्या पुनर्विकासापाशी रेंगाळतो. घाटकोपरच्या दक्षिणेला तुर्भे आणि उत्तरेला पवई. या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यात एका अतिशय सूक्ष्म विषयाचा पाठलाग गेली कित्येक वर्षं चालू आहे, हे बाजूच्या रस्त्याने रोज जाणाऱ्यांनाही माहीत नसतं. विषय असा: चुंबकीय अणू जर एकाच ओळीत उभे केले, इतके एकटे की शेजारच्या ओळीशी त्यांचा जवळजवळ संबंधच राहू नये, तर त्यांचं चुंबकत्व कसं वागतं?

प्रश्न मुंबईचा नव्हे, हॅम्बुर्गचा. विल्हेल्म लेन्झ यांनी तो आपला विद्यार्थी अर्न्स्ट ईझिंग याला दिला. प्रत्येक अणू म्हणजे वर किंवा खाली पाहणारा एक छोटा चुंबक, आणि त्याचं नातं फक्त डावी-उजवीकडच्या शेजाऱ्याशी. 1925 मध्ये छापलेल्या निबंधात ईझिंगने दाखवून दिलं, की अशी साखळी निरपेक्ष शून्याच्या वर कुठल्याही तापमानाला कायमचा चुंबक होऊ शकत नाही. कारण सोपं आहे. साखळीत एका जागी दिशा उलटली तर ऊर्जेची किंमत एकदाच मोजावी लागते. ती उलट कुठे व्हावी याला मात्र असंख्य जागा असतात. थोडीशी उष्णता मिळाली की अशा तुटी पडतातच. लोकलच्या एकेरी रुळावर एका ठिकाणी गाडी अडली की पलीकडचं सगळं तुटतं, रस्त्यावरच्या वाहनाला मात्र गल्लीबोळातून वाट काढता येते. एक मिती आणि दोन-तीन मिती यांत फरक आहे तो हाच. पर्यायी वाटच नसल्यामुळे एका टोकाचा निरोप दुसऱ्या टोकाला पोचत नाही. पुढे ईझिंगने तीन मितींतही असंच होईल असा तर्क केला. तो चुकला, पण साखळीपुरता त्याचा निष्कर्ष अढळ राहिला.

हे वर किंवा खाली एवढंच पाहणारे चुंबक झाले. इलेक्ट्रॉनचा खरा छोटा चुंबक, म्हणजे त्याचा स्पिन, क्वांटम नियमांनी चालतो, त्यामुळे प्रश्न कितीतरी अवघड होतो. 1931 मध्ये हान्स बेथे यांनी रोममध्ये असताना या क्वांटम साखळीचं अचूक उत्तर काढलं. अंदाज नव्हे, संगणकाची आकडेमोड नव्हे, कागदावरचं पूर्ण उत्तर. पुढच्या निबंधात हीच पद्धत पूर्ण स्फटिकाला लावून दाखवतो, असं त्यांनी शेवटी लिहिलं होतं. तो निबंध कधी आला नाही, कारण ती पद्धत दोन किंवा तीन मितींत चालतच नाही. एका ओळीपुरतं निसर्गाने दार उघडं ठेवलं आहे, आणि म्हणूनच या साखळ्यांवर भौतिकशास्त्रज्ञांचा इतका जीव आहे. इथे सिद्धान्त पूर्ण आहे. पदार्थ चुकला, नमुना अशुद्ध निघाला किंवा मोजणी ढिली झाली, तर बोट लगेच तिथे ठेवता येतं.

पण असा पदार्थ आणायचा कुठून? त्रिमितीय जगात सुटी एकमितीय साखळी मिळत नाही. अशी स्फटिकरचना शोधावी लागते जिच्यात तांबं, निकेल किंवा कोबाल्टचे अणू एका दिशेला घट्ट जोडलेले असतील आणि बाकी दोन्ही दिशांना मधे फॉस्फेट, बेरियम, स्ट्रॉन्शियम यांसारखी चुंबकत्व नसलेली मंडळी भिंत बनून उभी असतील. आणि ती सापडल्यावर आतले स्पिन कोणत्या दिशेला आहेत हे कळायला हवं. क्ष-किरणांना ते सहसा दिसत नाहीत. न्यूट्रॉनला दिसतात, कारण विद्युतभार नसलेल्या या कणाला स्वतःचा छोटासा चुंबक असतो. मँगनीज ऑक्साइडमध्ये शेजारचे स्पिन एकमेकांविरुद्ध उभे असतात याचा पहिला थेट पुरावा शल आणि स्मार्ट यांनी 1949 मध्ये न्यूट्रॉनांनीच दिला होता.

तुर्भ्यात ही हत्यारं घरीच घडवली गेली. 10 जुलै 1960 ला कॅनडाच्या मदतीने उभी राहिलेली 40 मेगावॉटची ‘सायरस’ सुरू झाली आणि न्यूट्रॉनांचा झोत कितीतरी दमदार झाला. तिच्याभोवतीचे स्पेक्ट्रोमीटर बाहेरून विकत आणायचे नाहीत, आपल्या कार्यशाळेत बनवायचे, हा अय्यंगारांचा आग्रह होता. त्यातून इतकी तयारी झाली, की साठच्या दशकात आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या साहाय्याने भारत आणि फिलिपिन्स यांचा संयुक्त न्यूट्रॉन-कार्यक्रम सुरू झाला आणि आग्नेय आशियातले तरुण शास्त्रज्ञ ही विद्या शिकू लागले. शिकवणारा देश म्हणून आपण तेव्हा स्वतःकडे फारसं पाहत नव्हतो. पण ती वस्तुस्थिती होती.

पवईची गोष्ट याच काळात सुरू होते. भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे पहिले वर्ग 1958 मध्ये वरळीला भरले आणि 10 मार्च 1959 ला पंडित नेहरूंच्या हस्ते पवई तलावाच्या काठी कोनशिला बसली. संस्थेला मदत युनेस्कोमार्फत सोव्हिएत संघाची होती. दहा वर्षांनी, 1969 मध्ये, ‘फिजिकल रिव्ह्यू’त जस्त-निकेल फेराइटांवरचा एक निबंध आला. लेखकांत तुर्भ्याचे एन. एस. सत्यमूर्ती आणि आर. जे. बेगम, फिलिपिन्सहून आलेले एम. जी. नाटेरा, आणि पवईचे सी. एम. श्रीवास्तव अशी नावं आहेत. फेराइटमध्ये जस्त वाढवत नेलं की काही स्पिन सरळ न राहता कोनात झुकतात, हे त्यांनी न्यूट्रॉनांनी पकडलं. आजही या विषयावर लिहिणारे त्या निबंधाचा हवाला देतात. माझ्या दृष्टीने त्याचं महत्त्व आणखी एका कारणाने आहे: पदार्थ ओळखणारं पवई आणि आत डोकावणारं तुर्भे ही जोडी इथे छापील स्वरूपात दिसते. फेराइट हे त्रिमितीय चुंबक. साखळ्यांची वेळ अजून यायची होती.

सिद्धान्ताकडे मात्र एक उलथापालथ चालू होती. 1964 मध्ये लंडनला जिल बॉनर आणि मायकेल फिशर यांनी जास्तीत जास्त अकरा स्पिनांच्या साखळ्या संगणकावर सोडवून अमर्याद साखळीचा अंदाज बांधला. अशा पदार्थाची चुंबकीय ग्राहकता, म्हणजे बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राला तो देत असलेला प्रतिसाद, तापमान उतरेल तशी चढते, एक गोलसर उंचवटा गाठते आणि मग उतरते, पण शून्यावर कधी पोचत नाही. तो उंचवटा हीच साखळीची खूण ठरली. मग 1981 मध्ये डंकन हॉल्डेन यांनी एक विचित्र विधान केलं: स्पिन अर्धा असेल तर साखळीला हलवायला कितीही कमी ऊर्जा पुरते, स्पिन एक असेल तर मात्र मधे एक दरी पडते, ठरावीक ऊर्जेखाली साखळी जागची हलत नाही. तेव्हाच्या समजुतीत हे कुठेच बसत नव्हतं. त्यांचा पहिला निबंध नाकारला गेला आणि छापून यायला 1983 साल उजाडलं. प्रयोगातला पहिला पुरावा 1986 मध्ये सीझियम-निकेल-क्लोराइडच्या स्फटिकातून मिळाला, आणि तो मिळवणाऱ्या गटाचे प्रमुख बायर्स चॉक रिव्हरचेच होते. हॉल्डेन यांना 2016 मध्ये थाउलेस आणि कोस्टरलित्झ यांच्याबरोबर नोबेल मिळालं.

1986 हेच वर्ष उच्च तापमानाच्या अतिसंवाहकांचं. बेडनॉर्झ आणि म्युलर यांनी तांब्याच्या ऑक्साइडांत अतिसंवाहकता शोधली आणि एका रात्रीत जगभरच्या प्रयोगशाळा तांबं, ऑक्सिजन, इट्रियम आणि बेरियम यांच्या पुडी भाजायला लागल्या. या पदार्थांच्या मुळाशी अर्ध्या स्पिनाच्या तांब्याचे पातळ थर असतात, म्हणजे कमी मितीचं चुंबकत्वच. आता साखळ्या, शिड्या, थर यांना नवं महत्त्व आलं. पुढे पवईला येणारे अविनाश महाजन हे अमेरिकेत एम्स इथे डेव्हिड जॉन्स्टन यांच्याबरोबर चुंबकीय ऑक्साइडांवर काम करून पुढे पॅरिसजवळच्या ऑर्से इथे आंरी आलुल यांच्या गटात गेले. तिथल्या 1994 च्या निबंधात त्यांनी दाखवलं, की अतिसंवाहकातल्या तांब्याच्या जागी चुंबकत्व नसलेलं जस्त घातलं, तर जस्ताच्या आजूबाजूच्या तांब्यांवर चुंबकत्व उमटतं. हे कळलं इट्रियमच्या अणुगर्भाच्या चुंबकीय अनुनादातून, म्हणजे ज्याला आपण एनएमआर म्हणतो त्यातून. अणुगर्भ शेजारी बसून ऐकतो आणि शेजारच्या स्पिनाची बातमी आपल्यापर्यंत पोचवतो.

ही हातोटी घेऊन महाजन पवईला आले. आणि इथे मला या कथेतला सगळ्यात मोहक धागा दिसतो. इट्रियम-बेरियम-निकेल ऑक्साइड या पदार्थात निकेलचे एक-स्पिनाचे अणू सरळ ओळीत बसतात. हॉल्डेन यांनी सांगितलेली साखळी ती हीच. तिच्यातही इट्रियम आहे. ऑर्सेला अतिसंवाहकाच्या थरात जे केलं होतं तेच आता साखळीत करता येणार होतं: निकेलच्या जागी इथे-तिथे चुंबकत्व नसलेला अणू घालायचा, साखळी तोडायची, आणि तुटलेल्या टोकाशी काय होतं ते इट्रियमला विचारायचं. पवई आणि ऑर्सेच्या मंडळींनी मिळून 2004 मध्ये ते छापलं. तुटीच्या दोन्ही बाजूंना आळीपाळीने उलटसुलट चुंबकत्व उमटतं आणि आत जाताना झपाट्याने विरतं. हे विरण्याचं अंतर अखंड साखळीतल्या स्पिनांच्या परस्परसंबंधाच्या अंतराएवढंच असतं, जे सिद्धान्तानुसार शून्याजवळ साधारण सहा अणूंइतकं. एक-स्पिनाची साखळी तोडली की टोकाला अर्धा स्पिन उघडा पडतो, हे ऐकायला अशक्य वाटतं. तुकडा पूर्णांकाचा, टोक अपूर्णांकाचं. पण निकेलच्या साखळ्यांत ते खरोखर तसंच असतं.

पुढच्या वर्षीचा निबंध आणखी शांत आणि माझ्या मते आणखी सुंदर. आर. नाथ, महाजन आणि आउग्सबुर्ग व ऑर्सेच्या सहकाऱ्यांनी तांब्याची तीन फॉस्फेटं घेतली: स्ट्रॉन्शियमचं, बेरियमचं, आणि बेरियम-तांब्याचं पायरोफॉस्फेट. तिन्हींत अर्ध्या स्पिनाच्या तांब्याच्या साखळ्या आहेत, म्हणजे बेथे यांनी सोडवलेली साखळी ती हीच. 

हे पदार्थ कसे होतात ते जवळून पाहण्यासारखं आहे. कार्बोनेट, काळं कॉपर ऑक्साइड आणि अमोनियम फॉस्फेट तराजूवर मिलिग्रॅमपर्यंत तोलायचं. अकीकाच्या खलात घोटायचं, हात भरून येईपर्यंत, कारण दोन कण एकमेकांना टेकले तरच भट्टीत त्यांच्यात अणूंची देवाणघेवाण होते. भट्टीत घालायचं, बाहेर काढून पुन्हा फोडायचं, पुन्हा घोटायचं, गोळी दाबायची, पुन्हा भट्टी. मग क्ष-किरणांच्या आलेखात एखादं परकं शिखर डोकावत नाही ना, हे तपासायचं. शिखर दिसलं तर पुन्हा पहिल्यापासून. साखळीवरच्या सिद्धान्ताला अर्ध्या टक्क्याची भेसळही चालत नाही. कारण नमुन्यातले एकटे पडलेले थोडे स्पिन थंड तापमानाला मोठा आवाज करतात, ग्राहकतेचा आलेख खाली जायचा तर उलट वर चढतो आणि साखळीचं खरं वागणं झाकून टाकतो.

इथे फॉस्फरस कामी येतो. या पदार्थात तांब्याभोवतीचे ऑक्सिजनचे चौकोन फॉस्फेटांनी जोडलेले असतात, म्हणजे फॉस्फरस साखळीचाच भाग आहे. त्याचा अणुगर्भ आपल्या शेजारच्या तांब्यांचं ऐकतो. दूर कुठेतरी भेसळीत पडलेल्या स्पिनाची त्याला फारशी दखल नसते. म्हणून ग्राहकतेत जे गढूळ दिसतं ते एनएमआरच्या सरकण्यात निवळतं. पवईच्या या कामात मोजणी 300 केल्विनपासून थेट 0.02 केल्विनपर्यंत गेली. आलेख बॉनर-फिशर यांच्या वक्रावर बसला. शेजारच्या तांब्यांमधली ओढ तीन पदार्थांत अनुक्रमे 165, 151 आणि 108 केल्विन इतकी निघाली. पायरोफॉस्फेटात 0.8 केल्विनला साखळ्या एकमेकींशी बोलू लागून त्रिमितीय क्रम येतो, अशी चिन्हं होती. स्ट्रॉन्शियमच्या फॉस्फेटात असा क्रम येतो 0.085 केल्विनला, हे त्याच वर्षी जपानी गटाने नोंदवलं. ओढ दीडशे केल्विनच्या आसपासची आणि क्रम एका केल्विनच्या दहाव्या हिश्श्याच्याही खाली: इतक्या एकट्या साखळ्या निसर्गात फार थोड्या आहेत. बेथे यांनी कागदावर मांडलेली वस्तू एका पांढऱ्या बाटलीत भरून ठेवता येते, असं म्हणायला हरकत नाही. बेथे त्याच वर्षी, मार्च 2005 मध्ये वारले.

तुर्भ्यात तोवर ‘ध्रुव’ स्थिरावली होती. 8 ऑगस्ट 1985 ला सुरू झालेली ही 100 मेगावॉटची भट्टी सुरुवातीच्या अडचणींतून बाहेर पडून 1988 मध्ये पूर्ण शक्तीने चालू लागली. तिच्याभोवती न्यूट्रॉनांची उपकरणं उभी राहिली आणि विद्यापीठांतल्या लोकांनाही ती वापरता यावीत म्हणून विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांच्या संयुक्त केंद्राची मुंबई शाखा तिथेच काम करू लागली. एस. एम. युसूफ यांच्या गटाने ज्या पदार्थांचा पिच्छा पुरवला त्यांत कॅल्शियम-कोबाल्ट ऑक्साइड हा महत्त्वाचा. हा ईझिंगच्या वळणाचा: त्याच्या साखळीतले स्पिन फक्त वर किंवा खाली पाहतात. साखळीच्या आत ते एकाच दिशेला, पण साखळ्या त्रिकोणी जाळीत उभ्या आणि शेजारणी विरुद्ध दिशेला पाहू इच्छिणाऱ्या. त्रिकोणात तिघींना परस्परविरुद्ध होता येत नाही. दोघी जमवतात, तिसरीची कोंडी होते. या कोंडीमुळे 25 केल्विनच्या खाली हा पदार्थ गोंधळात टाकणारी वागणूक दाखवतो. चुंबकीय क्षेत्र वाढवत नेलं तर चुंबकत्व एक-तृतीयांशावर येऊन थबकतं. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ई. व्ही. संपतकुमारन हेही याच कुळातल्या पदार्थांवर काम करत होते.

कोबाल्टच्या जागी थोडं लोखंड घातलं तर? अनिल जैन, शेर सिंग आणि युसूफ यांचा 2006 चा निबंध याचा. साखळीत कोबाल्टला दोन प्रकारच्या जागा असतात: एक ऑक्सिजनच्या अष्टफलकात, दुसरी त्रिकोणी प्रिझममध्ये. लोखंड कुठे बसतं? क्ष-किरणांना विचारून उपयोग नाही. लोखंडात 26 इलेक्ट्रॉन, कोबाल्टमध्ये 27, त्यांना दोन्ही जवळजवळ सारखेच दिसतात. न्यूट्रॉन मात्र अणुगर्भावरून उडतो, आणि लोखंडाचा गर्भ त्याला कोबाल्टच्या जवळजवळ चौपट ताकदीने परत फेकतो. व्हॅनेडियमच्या नळीत पूड भरून, कारण व्हॅनेडियम स्वतः आलेखात शिखरं उमटवत नाही, ध्रुवच्या झोतात ठेवली की उत्तर मिळतं: लोखंड प्रिझमची जागा पसंत करतं, आणि ते वाढेल तसं चुंबकीय क्रमाचं तापमान उतरतं. उपकरणाशेजारी तासन्‌तास बसून न्यूट्रॉन मोजत राहणं हे कंटाळवाणं काम आहे. पण अणू नेमका कुठे बसला हे छातीठोकपणे सांगायचं असेल तर दुसरा मार्ग नाही.

बेथे यांच्या 1931 च्या उत्तरात एक गोष्ट कित्येक दशकं पडून होती. उलटे झालेले स्पिन एकमेकांना चिकटून गट करून फिरू शकतात, असं ते गणित सांगत होतं. या गटांना बेथे-माळा म्हणतात. त्या प्रत्यक्षात कुणी पाहिल्या नव्हत्या. 2018 मध्ये ‘नेचर’मध्ये छापलेल्या निबंधात त्या दिसल्या, स्ट्रॉन्शियम-कोबाल्ट-व्हॅनेडेट या मळसूत्री साखळीच्या पदार्थात, प्रचंड चुंबकीय क्षेत्रात, टेराहर्ट्झ प्रकाशाने. दोन-दोन आणि तीन-तीन स्पिनांचे गट. लेखकांच्या यादीत तुर्भ्याचे अनुपकुमार बेरा आहेत, आणि पवईच्या 2005 च्या निबंधातले आउग्सबुर्गचे आलोइस लोइडल हेही आहेत. 2020 मध्ये बेरा आणि सहकाऱ्यांनी याच माळांची चाल न्यूट्रॉनांनी मोजून ‘नेचर फिजिक्स’मध्ये मांडली.

ही शेवटची मोजणी तुर्भ्यात झाली नाही. पूड पाहायला ध्रुव पुरते. मोठ्या एकस्फटिकातल्या मंद हालचाली अतिथंड तापमानात आणि तीव्र क्षेत्रात टिपायच्या तर अधिक तेजस्वी झोत लागतो, आणि तो युरोपात आहे. आपल्याकडे एकस्फटिक वाढवणारे हात आणि नवा न्यूट्रॉनस्रोत या दोन्हींवर खर्च व्हायला हवा, असं मला मनापासून वाटतं, कारण पदार्थ आणि प्रश्न आपल्याकडे आहेत. आर. नाथ आता तिरुवनंतपुरमच्या आयसरमध्ये अशाच साखळ्या आणि जाळ्यांवर काम करणारा गट चालवतात.

आणि बाहेरचं चित्रही बदललं आहे. सायरस 2010 च्या अखेरीला बंद झाली. चॉक रिव्हरची अणुभट्टी मार्च 2018 मध्ये थांबली. पॅरिसजवळची ऑर्फे आणि बर्लिनची बीईआर-2 या दोन्ही न्यूट्रॉन-भट्ट्या 2019 च्या शेवटच्या तिमाहीत कायमच्या विझल्या. अय्यंगारांनी जिथे ही विद्या घेतली त्या गावात आता न्यूट्रॉनांचा झोत नाही. सप्टेंबर 2018 मध्ये नव्या रूपात सुरू झालेली अप्सरा आणि तिच्याजवळची ध्रुव तुर्भ्यात आहेत.